पिढीचक्राचा सिद्धान्त आणि साष्टीची साक्ष

गेल्या काही वर्षांत मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या आपल्या उपनगरांतील व्याख्यानमालांतून, वाचनालयांच्या चर्चामंडळांतून आणि सुशिक्षित घरांच्या दिवाणखान्यांतूनही एक सिद्धान्त मोठ्या आत्मविश्वासाने सांगितला जाऊ लागला आहे, आणि ऐकणाऱ्यांपैकी फारच थोडे त्याला हरकत घेतात, म्हणून त्याचा प्रतिवाद सविस्तर करणे मला अगत्याचे वाटते. सिद्धान्त असा की, राष्ट्राचा इतिहास चार पिढ्यांच्या चक्रात फिरतो. एक पिढी घडवते, दुसरी उपभोगते, तिसरी बंध सैल करते आणि चौथीच्या हयातीत सारे कोसळण्याच्या बेतास येते. अशा रीतीने दर ऐंशी-नव्वद वर्षांनी राष्ट्राची अग्निपरीक्षा होते, तीतून तावून सुलाखून निघालेली तरुण पिढी नवी व्यवस्था उभारते, आणि परीक्षा फसली तर राष्ट्राला पुढच्या फेऱ्याची वाट पाहावी लागते.

अमेरिकेत विल्यम स्ट्रॉस आणि नील हाउ या दोघांनी 1991 आणि 1997 मधील आपल्या ग्रंथांतून या विचाराला आजचे रूप दिले. त्यापूर्वी चौदाव्या शतकात इतिहासकार इब्न खल्दूनने राजघराण्यांचा ऱ्हास पिढ्यांच्या मापाने मोजला होता, आणि आपल्याकडे तर युगांच्या फेऱ्याची कल्पना हाडीमासी खिळलेली आहे. त्यामुळे हा पाहुणा आपल्या घरात परका वाटत नाही. 1761 ला पानिपत, 1857 ला उठाव, 1947 ला स्वातंत्र्य. म्हणजे शहाण्णव वर्षे, मग नव्वद वर्षे. तेव्हा 2030 च्या आसपास भारताची पुढची परीक्षा ठरलेली आहे, असे गणित फळ्यावर मांडले की सभागृहात शांतता पसरते. त्या शांततेत श्रद्धा असते आणि भयही असते, आणि त्या दोहोंचा मी अनादर करीत नाही. परंतु ते गणित खोटे आहे.

ज्या तीन तारखा निवडल्या त्या कोणी निवडल्या, आणि ज्या गाळल्या त्या का गाळल्या, हा पहिलाच प्रश्न. मराठी माणसाच्या दृष्टीने राज्य बुडाले ते 1818 साली. ते या गणितात नाही. 1896 च्या प्लेगने मुंबई ओस पाडली; तो नाही. 1972 च्या दुष्काळाने अर्धा महाराष्ट्र खडी फोडायला रस्त्यावर आणला, तो नाही. 1975 ची आणीबाणी नाही, 1991 सालचा परकीय चलनाचा पेचही नाही. उलट 1818 पासून मोजू लागलो तर ऐंशी वर्षांनी आपण थेट प्लेगच्या आणि टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्याच्या काळात येऊन ठेपतो, आणि तेही चक्र तितकेच ठसठशीत दिसू लागते. जे माप कोणत्याही कापडाला पुरे पडते, त्याला माप म्हणता येत नाही.

परंतु केवळ तारखांच्या निवडीवर बोट ठेवून हा वाद मिटवणे अन्यायाचे होईल, कारण सिद्धान्ताचा खरा जोर तारखांत नसून पिढ्यांच्या स्वभावात आहे. पराभव कोवळ्या वयात पाहिलेली पिढी कणखर होते आणि राष्ट्राला सावरते, हा त्याचा गाभा. आणि पानिपतानंतरचा मराठ्यांचा पुनरुत्कर्ष हे त्याचे सर्वांत लखलखीत उदाहरण म्हणून सांगितले जाते. तेव्हा तेच उदाहरण तपासून पाहू.

14 जानेवारी 1761 या दिवशी पानिपतावर भाऊसाहेब, विश्वासराव, जनकोजी शिंदे, इब्राहिमखान गारदी आणि त्यांच्यासमवेत मराठी फौजेचा फार मोठा भाग नाहीसा झाला. त्या धक्क्याने खचलेले नानासाहेब पेशवे जून महिन्यात पर्वतीवर वारले. आणि सोळा वर्षांच्या माधवरावाच्या अंगावर पेशवाईची वस्त्रे चढली. तेथून दहा वर्षे आणि काही आठवडे एवढ्याच अवधीत, 1771 च्या फेब्रुवारीत, मराठी फौजांनी दिल्ली घेतली आणि पुढच्या वर्षाच्या प्रारंभी शाह आलम बादशहाला त्याच्या तख्तावर नेऊन बसवले. एवढा मोठा घाव एवढ्या थोड्या काळात भरून निघाल्याची उदाहरणे जगाच्या इतिहासात फार नाहीत, आणि त्याचा अभिमान मलाही आहे.

आता हे कोणी केले ते वयांनुसार पाहा. पानिपतानंतर दहाच महिन्यांनी राजपुतान्यात मांगरोळच्या लढाईत जयपूरच्या माधोसिंगाचा मोड करून उत्तरेत मराठ्यांचा दरारा पुन्हा बसवणारे मल्हारराव होळकर त्या वेळी अडुसष्ट वर्षांचे होते; चक्राच्या हिशेबाने ते निवृत्त व्हायला हवे होते. होळकरांची दौलत पुढे ज्यांनी सांभाळली त्या अहिल्याबाईंचा जन्म 1725 चा. महादजी शिंदे 1730 च्या आगेमागे जन्मलेले, पानिपतावर पाय जायबंदी होऊन वाचलेले. नाना फडणीस 1742 चे आणि माधवराव 1745 चे. पन्नास वर्षांच्या पट्ट्यात विखुरलेली ही माणसे. यांना एक पिढी म्हणायचे तर पिढी या शब्दाला काही अर्थच उरत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. रघुनाथरावांचा जन्म 1734 चा, म्हणजे महादजींच्या अगदी बरोबरीचा. दोघेही एकाच वैभवात वाढले, दोघांनीही उत्तरेच्या मोहिमा केल्या, 1758 साली अटकेपर्यंत भगवे निशाण नेल्याचे श्रेय तर रघुनाथरावांच्याच मोहिमेचे. आणि तरी त्यांतील एकाने मोडलेले राज्य सांधले व दुसऱ्याने सांधलेले राज्य मोडले. जर्मन समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम याने 1928 सालीच पिढ्यांवरील आपल्या निबंधात हे बजावून ठेवले होते की, एकाच काळाचे आघात सोसलेल्या पिढीतही परस्परविरोधी गट तयार होतात. पिढी माणसांपुढे प्रश्न समान ठेवते. उत्तर ती ठरवत नाही. हेच चाळीस वर्षांनंतरही दिसते. दुसरा बाजीराव 1775 चा, यशवंतराव होळकर 1776 चे. एकाने 1802 च्या डिसेंबरअखेर वसईच्या तहावर सही करून राज्य इंग्रजांच्या पदरात टाकले आणि दुसऱ्याने त्यानंतर दोन वर्षांतच त्याच इंग्रजांना मुकुंदरा घाटातून माघार घ्यायला लावली. ऱ्हासाची पिढी म्हणून दोघांच्या कपाळी एकच शिक्का मारणे हा यशवंतरावांवर उघड अन्याय आहे.

मग माधवरावाच्या कारकिर्दीत राज्य सावरले ते कशाने? माझे उत्तर असे आहे की, पानिपतावर फौज बुडाली पण दफ्तर बुडाले नाही. सातारच्या गादीवरून वस्त्रे देण्याची रीत अखंड होती, त्यामुळे पेशवा कोण याविषयी कायद्याने संशय उरला नाही. दक्षिणेतील जमाबंदी, कमाविसदार आणि फडाचे हिशेब जागच्या जागी होते, त्यामुळे नवी फौज उभी करायला वसूल येत राहिला. आणि विजयी अब्दालीची स्थिती याच्या नेमकी उलट होती, म्हणून त्याला थकलेल्या पगारासाठी कुरकुरणारे सैन्य घेऊन दोन-अडीच महिन्यांत परत फिरावे लागले, आणि 1765 पर्यंत लाहोर शिखांच्या हाती गेले. विजय ज्याचा, त्याच्याकडे तो पचवण्याची व्यवस्था नव्हती. पराभव ज्यांचा, त्यांच्याकडे तो सोसण्याची होती.

त्या व्यवस्थेला माणसाची जोड लागते, हे मी नाकारीत नाही. 1762 च्या नोव्हेंबरात आळेगावजवळ चुलत्याशी, म्हणजे रघुनाथरावांशी, गाठ पडली असता, घरच्या भांडणात फौज गारद होऊ नये म्हणून माधवराव आपण होऊन चुलत्याच्या स्वाधीन झाला. पुढच्या वर्षी निजामाने पुणे जाळल्यावर त्याच चुलत्यासह राक्षसभुवनावर निजामाचा पुरा मोड केला. आणि 1768 साली धोडपच्या लढाईनंतर त्याच चुलत्याला शनिवारवाड्यात कैदेत ठेवले. नमते केव्हा घ्यावे आणि कैद केव्हा करावी, याचा एवढा अचूक विवेक बाविशी-तेविशीच्या आत दाखवणारा दुसरा राज्यकर्ता मला आपल्या इतिहासात आढळत नाही. रामशास्त्री प्रभुण्यांसारख्या न्यायाधीशाचे कटू बोल त्याने ऐकून घेतले, आणि थेऊरच्या गणपतीसमोर क्षयाने झिजत असताना, मरण पुढे दिसत असताना, त्याने सर्वांत अधिक काळजी वाहिली ती राज्यावरील कर्ज फेडण्याची. 18 नोव्हेंबर 1772 रोजी तो वारला, तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. पराभूत राष्ट्र सावरते म्हणजे नक्की काय होते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने पिढ्यांचे तक्ते बाजूला ठेवून थेऊरच्या त्या शेवटच्या महिन्यांचा कागद न् कागद पाहावा.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू, आणि ती तर आपल्या पायाखालचीच आहे. आपण ज्याला मुंबईची उपनगरे म्हणतो ती अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सारी गावे साष्टी बेटावरची. 1534 पासून दोनशे वर्षे हे बेट पोर्तुगीजांकडे होते. 1737 साली चिमाजीअप्पांच्या मोहिमेत ठाण्याचा किल्ला पडला आणि 1739 च्या मे महिन्यात वसई पडल्यावर सारा मुलूख मराठ्यांच्या अंमलाखाली आला. बोरिवलीच्या पश्चिमेस मंडपेश्वराची लेणी आहेत. तेथे शैव लेण्यातील नटराजाचे शिल्प, त्याच कातळात मागाहून कोरलेला क्रूस आणि माथ्यावर पोर्तुगीज मठाच्या भग्न भिंती ही तिन्ही पाच मिनिटांत पाहून होतात. ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह म्हणजे तोच किल्ला. पोर्तुगीजांनी तो 1730 च्या सुमारास बांधायला घेतला, बांधकाम पुरे होण्यापूर्वीच मराठ्यांनी घेतला, आणि 1816 साली पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे निसटले ते येथूनच, इंग्रजांच्या कैदेतून.

साष्टी मराठ्यांनी गमावली ती 1774 च्या डिसेंबरअखेर. म्हणजे जिंकल्यापासून अवघ्या सदतीस वर्षांत, आणि दिल्ली परत घेतल्यापासून चारच वर्षांत! ज्या पिढीने पानिपत धुऊन काढले, तीच पिढी भर तारुण्यात असताना, महादजी आणि नाना दोघेही कर्तबगारीच्या ऐन माध्यान्ही असताना, पुण्यापासून चार मजलांवरचे हे बेट गेले आणि पुन्हा कधी आले नाही. 1779 साली वडगावला इंग्रजी फौजेला शरण आणूनही आले नाही. 1782 साली सालबाईच्या तहात वसई परत मिळाली, साष्टी मिळाली नाही. पिढीचक्राच्या सिद्धान्ताजवळ याचे कोणते उत्तर आहे? एकच पिढी, एकच दशक, एकच शौर्य. एक घाव भरतो आणि दुसरा जन्मभर वाहत राहतो.

उत्तर कारणांत शोधावे लागते, आणि ती कारणे सुखाच्या दिवसांत दडलेली आहेत. 1756 च्या फेब्रुवारीत, मराठी सत्ता वैभवाच्या शिखराकडे चालली असताना, नानासाहेबांनी तुळाजी आंग्र्यांचा काटा काढण्यासाठी इंग्रजांची मदत घेतली आणि विजयदुर्गाच्या बंदरात मराठी आरमाराचा फार मोठा भाग इंग्रजांच्या हातून जळू दिला. ज्या बेटाच्या चारही अंगांना पाणी आणि दक्षिणेला मुंबईच्या तोफा, ते आरमारावाचून राखता येणार नव्हते. दुसरे कारण 30 ऑगस्ट 1773 चे. त्या दिवशी शनिवारवाड्यात माधवरावाचा धाकटा भाऊ आणि त्याच्यामागून पेशवा झालेला नारायणराव याचा खून झाला. माधवरावाने कैदेत ठेवलेला चुलताच पेशवा होऊ पाहू लागला, रामशास्त्र्यांनी त्याला दोषी ठरवले, बारभाई कारभाऱ्यांनी त्याला काढून लावले, आणि तो इंग्रजांच्या दारी गेला. पानिपतानंतर जे शाबूत होते तेच आता मोडले होते: वारसा.

आणि समोर कोण होते ते पाहा. अब्दालीचे राज्य अब्दालीच्या घोड्यावर बसून आले आणि गेले. ईस्ट इंडिया कंपनीचे तसे नव्हते. मुंबईचा गव्हर्नर बदले, कौन्सिलातील सभासद आपसांत भांडत, कलकत्त्याचे वरिष्ठ मुंबईकरांचे तह मोडून काढीत, परंतु कंपनीची रोजकीर्द एक दिवसही बंद पडत नसे. सुरतेच्या तहात रघुनाथरावांकडून साष्टी लिहून घेण्यापूर्वीच तिने ती ताब्यात घेतली होती, आणि पुढची सात वर्षे तोच एक मुद्दा तिने सोडला नाही. व्यक्तींच्या आयुष्याहून दीर्घ स्मरण असलेल्या संस्थेशी आपली गाठ होती. आपल्याकडचे स्मरण थेऊरला माधवरावाबरोबर संपले. इतिहासकार ग्रँट डफने माधवरावाच्या मृत्यूची हानी पानिपताच्या तोडीची मानली, हे याच अर्थाने खरे आहे.

अमेरिकेतील मूळ सिद्धान्तकारांचीही याच ठिकाणी अडचण झाली आहे. त्यांच्या देशावरचे सर्वांत भीषण संकट म्हणजे 1861 ते 1865 चे गृहयुद्ध, आणि नेमके तेच त्यांच्या चक्रात बसत नाही; त्या फेऱ्यात संकट लवकर आले, म्हणून वीरांची पिढी जन्मलीच नाही आणि चारांऐवजी तीनच पिढ्या उरल्या, असे त्यांना म्हणावे लागले. इतिहास नियमात बसेना तेव्हा नियमाने एक पिढीच गाळली. वस्तुतः त्या युद्धानंतरची पुनर्रचना फसली, याला पिढीचा अभाव कारण नव्हता. गुलामी रद्द करणारी, नागरिकत्व देणारी आणि मताधिकार देणारी अशा तीन घटनादुरुस्त्या त्याच लोकांनी 1865 ते 1870 या अवघ्या पाच वर्षांत करून दाखवल्या. मग 1877 साली राजकीय देवघेवीत दक्षिणेतील फौजांचे संरक्षण काढून घेतले गेले, आणि कागदावरचा मताधिकार प्रत्यक्षात यायला 1965 उजाडले. यांतील प्रत्येक पाऊल कोणी तरी, कोठे तरी बसून, ठरवून टाकलेले आहे. त्याला ऋतुचक्र म्हणणे म्हणजे ज्यांनी ते ठरवले त्यांना दोषमुक्त करणे होय.

माझा या सिद्धान्ताला खरा विरोध आहे तो इथे. तो चुकीचा आहे एवढ्यापुरते असते तर इतके शब्द खर्च करण्याचे कारण नव्हते; तो माणसाला वाट पाहायला शिकवतो. ज्यांना आज हाल सोसावे लागत आहेत त्यांना तो सांगतो की फेरा पुरा होऊ द्या. आणि जे सत्तेवर आहेत त्यांना तो सांगतो की मोडतोड अटळच आहे. त्यातून संकटाची एक प्रकारची ओढ निर्माण होते, जणू राष्ट्र शुद्ध होण्यासाठी रक्तस्नान आवश्यकच आहे. 1972 च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि 1977 साली तिचा कायदा झाला, तेव्हा कोणत्याही पिढीने रक्तस्नान केले नव्हते. काही आमदारांनी आणि अधिकाऱ्यांनी खडी फोडणाऱ्या मजुराला कामाचा हक्क कायद्याने देता येतो का, एवढाच प्रश्न चिकाटीने सोडवला होता.

शिवाय राष्ट्र सावरले म्हणताना त्यातील कोण सावरले, हेही विचारले पाहिजे. साष्टीतील कोळी, आगरी, भंडारी आणि गावठाणांतून राहणारे ख्रिस्ती कुणबी यांनी चाळीस वर्षांत तीन अंमल पाहिले. सारा वसूल करणाऱ्याची भाषा बदलली, सारा बदलला नाही. 1818 नंतर महाराष्ट्र अंधारात गेला म्हणतात, परंतु चौदाच वर्षांनी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले आणि तीस वर्षांनी जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. ज्यांना पेशवाईच्या वैभवात अक्षराचा अधिकार नव्हता, त्यांचा इतिहास या चक्राच्या कोणत्या ऋतूत मांडणार?

आपल्या पिढीने पाहिलेली फसलेली अग्निपरीक्षा म्हणजे 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेला गिरणी संप. त्याचे नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या कामाची सुरुवात घाटकोपरच्या दगडखाणींतील मजुरांपासून झालेली होती. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, तो विरून गेला. आणि गिरणगावातली कुटुंबे भांडुप, मुलुंड, बोरिवलीच्या चाळींत व पुढे डोंबिवली-विरारला पांगली. त्यानंतर त्यांना काही परत मिळण्याची एक वाट 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमाने उघडली होती. गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी मिळायचा होता. 2001 साली त्या नियमात फेर केला गेला, वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली, आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेर कायम केला. कोणत्या पिढीचा हा दोष? संप हरलेल्या बापाचा, की पांगलेल्या घरात वाढलेल्या मुलाचा? नियमातील एका वाक्याने जे झाले ते त्या वाक्याच्याच खाती मांडले पाहिजे.

गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना घरे देण्यासाठी अर्ज मागवले तेव्हा लाखाहून अधिक अर्ज आले, आणि त्यांतील फार थोड्यांच्या हाती आजवर किल्ल्या पडल्या. अर्जदारांपैकी कित्येक सत्तरी ओलांडून गेले, कित्येक वारले, आणि वारसाचे नाव लावून घेण्यासाठी त्यांच्या मुली-सुना कचेरीचे खेटे घालीत आहेत. त्यांना देऊ केलेली काही घरे तर शेलू-वांगणीइतकी दूर आहेत. 2030 च्या भविष्यावर व्याख्याने ठेवणाऱ्या आमच्या उपनगरांतील मंडळांना माझी विनंती आहे की, येत्या हंगामातील एक संध्याकाळ या अर्जांसाठी द्यावी, आपापल्या आमदाराला व्यासपीठावर बोलवावे, आणि घरे मुंबईत देणार की नाही व कोणत्या तारखेपर्यंत देणार, एवढे दोनच प्रश्न त्याला सभेसमक्ष विचारावेत.